न घेतलेली माघार

नरसव्वा तब्बल चौदा महिन्यांनी बोलली, तेव्हा सभागृहातले साडेतीनशे लोक उठून उभे राहिले.

ती चाकाच्या खुर्चीत बसली होती. अंगावर धाकट्या बहिणीनं खास या दिवसासाठी घेतलेली जांभळी इरकल, आणि डाव्या कानामागे, कातडीखाली, करंगळीच्या नखाएवढी एक चिप. लकव्यानं तिचं सगळं अंग नेलं होतं. डोळे तेवढे हलत, आणि डावा हात कोपरापासून थोडासा. डोकं मात्र शाबूत होतं. शब्द आत तयार होत, पण जिभेपर्यंत पोचण्याची वाटच खचली होती. ती वाट वळवून, मेंदूतून निघालेला शब्द थेट खुर्चीच्या हाताशी बसवलेल्या छोट्या स्पीकरमध्ये आणायचा, असा तो सगळा उद्योग. त्यामागची चिप घडवणारी बाई तिच्या शेजारीच हातात माइक घेऊन उभी होती. डॉ. हेमलता येमूल, संगणकरचनेच्या प्राध्यापक आणि नरसव्वाची सख्खी बहीण.

"अक्का," हेमलतानं विचारलं, "कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय," स्पीकरमधून नरसव्वाचाच आवाज आला. जुन्या फोनमधल्या ध्वनिफिती गोळा करून तो आवाज घडवला होता. प्रश्न संपला आणि उत्तर आलं. मध्ये श्वासाएवढाही खंड नाही.

टाळ्या थांबेनात. ठरलेल्या प्रश्नांत नसलेला एक प्रश्न हेमलताच्या तोंडून निघून गेला. "अक्का, आता सोलापूर बास झालं. माझ्याकडंच राहशील ना पुण्याला?"

"बरं. राहीन की तुझ्याकडं."

लोक पुन्हा उठले. हेमलता त्यांच्याकडे वळली आणि तिनं हात जोडले. त्या क्षणी बहिणीच्या डोळ्यांकडे तिनं पाहिलं नाही. पुढे हा क्षण तिनं किती वेळा आठवला असेल, त्याला गणती नाही.

नरसव्वा तिच्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा हेमलता पाच वर्षांची होती, आणि नरसव्वाचा नवरा भिवंडीला यंत्रमागावर कामाला गेला तो परतलाच नव्हता. नरसव्वा मांडीवर सूप घेऊन दिवसाला हजार विड्या वळायची. तेंदूच्या पानाचा आणि तंबाखूचा वास हाच हेमलताच्या लहानपणाचा वास. पहिली आलीस तर मिरवायचं नाही आणि नापास झालीस तर रडायचं नाही, असा अक्काचा खाक्या. जीभ अशी तिखट, की कारखान्यातला माल तपासणारा कारकूनसुद्धा तिच्या विड्या बाद करायला कचरायचा. शेजारच्या घरातली भूदेवी हीच काय ती तिची एकमेव मैत्रीण. दोघी चाळीस वर्षं एकाच ओट्यावर विड्या वळत आणि एकमेकींशी भांडत बसल्या.

लकवा झाल्यावर पहिले चौदा महिने नरसव्वाला सांभाळलं ते भूदेवीनंच. हेमलता तेव्हा पुण्यात, प्रयोगशाळेत, ही चिप पुरी करण्याच्या मागे लागली होती. डोळे एकदा मिटले तर हो, दोनदा मिटले तर नाही, ही खूणही भूदेवीनंच ठरवली. तेवढ्यावर दोघींचं सगळं चालायचं. अगदी भांडणसुद्धा.

हेमलताचं संशोधन काय होतं, ते थोडक्यात सांगायला हवं.

प्रोसेसर म्हणजे हुकमाचा गडी. एकामागून एक आज्ञा वाचायची आणि पाळायची. पण वाटेत फाटे येतात. अमुक असेल तर इकडे, नसेल तर तिकडे. अमुक आहे की नाही हे कळायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ हातावर हात ठेवून बसणं गड्याला परवडत नाही. म्हणून फार वर्षांपासून प्रोसेसर अंदाज बांधतात. मागच्या शंभर खेपांना आपण कुठं वळलो होतो ते पाहून एक फाटा धरतात आणि कामाला लागतात. अंदाज बरोबर निघाला तर वेळ वाचला. चुकला, तर केलेलं सगळं पुसायचं, फाट्यापर्यंत माघार घ्यायची आणि दुसरी वाट धरायची. बाहेरच्याला याचा पत्ता लागत नाही. त्याला उत्तर नेहमी बरोबरच मिळतं, फक्त लवकर मिळतं.

पण माघारीला वीज लागते आणि विजेची उष्णता होते. टेबलावरच्या संगणकात पंखा लावून भागतं. कातडीखाली, मेंदूच्या इतक्या जवळ बसवलेल्या चिपला एका अंशाची वाढसुद्धा परवडत नाही. त्यामुळे जगभरातल्या अशा यंत्रांची गत एकच होती. चिप तापू नये म्हणून ती मंद चालवत, आणि एकेका शब्दाला अर्धा मिनिट लागे. रुग्णाच्या पहिल्या वाक्याला घरचे रडत, दहाव्याला घड्याळाकडे बघत.

हेमलतानं यावर तोड काढली. तिचं म्हणणं होतं, की मेंदूतले संकेत मुळातच धूसर असतात, तिथं तंतोतंत बरोबर असं काही नसतंच. मग अंदाज आणि प्रत्यक्ष यांत जुजबी फरक असेल, तर माघार घ्यायचीच कशाला? माणूस "पाणी दे गं" म्हणाला आणि यंत्र "पाणी दे" म्हणालं, तर बिघडलं कुठं? तिनं एक मर्यादा घातली. शंभरात अठरापर्यंत फरक असेल तर अंदाजच खरा धरायचा आणि पुढे जायचं. माघारी घटल्या, चिप गार राहिली, बोलणं सरसर सुरू झालं. चिपचं नाव तिनं ठेवलं 'पुढाकार'. तीन वर्षांत देशात अकरा हजार लोक या चिपच्या बळावर बोलू लागले.

नरसव्वा पुण्याला आली. बाणेरच्या सातव्या मजल्यावर पूर्वेची खोली तिला दिली. दिवसभराची बाई ठेवली. हेमलता कॉलेजातून आली, की दोघी गॅलरीत बसत.

"जेवण आवडलं का, अक्का?"

"छान होतं गं."

"कंटाळा नाही ना येत?"

"छे. कसला कंटाळा! तू आहेस की."

हेमलताला भरून पावल्यासारखं वाटे. आयुष्यभर जिच्या तोंडून कौतुकाचा एक शब्द मिळाला नाही, ती अक्का आता दिवसाआड म्हणायची, "माझी हेमा लई गुणाची." आजारपणानं माणूस मऊ होतो, असं हेमलता मैत्रिणींना सांगायची. कधी कधी अक्काचा डावा हात खुर्चीवर आपटायचा. डॉक्टर म्हणाले, असे झटके येतात, काळजीचं कारण नाही.

भूदेवीचा फोन आठवड्याला यायचा. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, त्यामुळे पडद्यावरचं तिला काही दिसायचं नाही, ती नुसती ऐकायची. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी तिनं विचारलं, "नरसव्वा, येतीस का गं चार दिवस? ओटा मोकळा पडलाय. भांडायला कोण बी नाही मला."

"माझं हितं बरं चाललंय भूदेवी. पुढं बघू की."

मग भूदेवी म्हणाली, "बरं बाई. सुखात हाईस न्हवं, मग झालं." त्यानंतर फोन महिन्याला येऊ लागला, आणि पुढे येईनासा झाला. फाल्गुनात भूदेवी गेल्याचं तिच्या सुनेनं, सत्यम्मानं, कळवलं. हेमलतानं हळूच ही बातमी सांगितली, तेव्हा स्पीकर म्हणाला, "देवाची मर्जी. सुटली बिचारी." केवढं समजूतदारपणाचं बोलणं, असं तेव्हा हेमलताला वाटलं होतं.

तिसऱ्या वर्षी नलिनी तिरपुडे घरी यायला लागली. ती वाचा-उपचारतज्ज्ञ, मूळची भंडाऱ्याची. अशा रुग्णांबरोबर तिची वीस वर्षं गेली होती. तिसऱ्या भेटीनंतर तिनं हेमलताला जिन्याजवळ गाठलं.

"मॅडम, एक विचारू? तुमच्या अक्का डोळ्यांनी खुणा करायच्या का पूर्वी?"

"हो, सोलापूरला असताना. एकदा मिटले की हो, दोनदा मिटले की नाही. का?"

नलिनी जरा घुटमळली. "मी स्पीकरकडे लक्ष न देता नुसती तोंडाकडे बघत होते. सवय आहे मला. यंत्र 'हो' म्हणते आणि त्या दोनदा डोळे मिटतात. आज अकरा वेळा मोजलं मी."

"तो प्रतिक्षेप असेल," हेमलता म्हणाली. तिनं हे इतक्या चटकन म्हटलं, की तिचं तिलाच ते खटकलं.

नरसव्वाच्या कानामागची चिप ही अगदी सुरुवातीच्या नमुन्यांपैकी होती. बाजारात गेलेल्या चिपमध्ये जे पुसलं जाई, ते या नमुन्यात तपासणीसाठी साठवून ठेवलेलं असे. अंदाज काय होता, प्रत्यक्ष संकेत काय आला, आणि माघार का घेतली नाही, हे सगळं त्यात होतं. साठवण तीन वर्षांची. हेमलतानं ती एकदाही उघडून पाहिली नव्हती. अचूकतेचे आकडे उत्तम येत होते, मग पाहायचं कशाला?

त्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेचं दार लावून तिनं ती उघडली, आणि पहिल्या दिवसापासून वाचायला सुरुवात केली.

सभागृह. प्रश्न होता, माझ्याकडंच राहशील ना. प्रत्यक्ष संकेत होता 'वद्दु'.

वद्दु. नको. त्यांच्या घरात तेलुगू बोलत. अक्काला मराठी उत्तम यायची, पण 'नको' म्हणायची वेळ आली, की तिच्या तोंडी आईचाच शब्द यायचा. यंत्र शिकवताना भाषेच्या रकान्यात हेमलतानं एकच भाषा लिहिली होती, मराठी. तीस वर्षं पुण्यात राहून ती स्वतःही तेलुगूत विचार करायचं विसरली होती. चिपनं ओठ मिटण्याची पहिली चाहूल घेतली. 'व' आणि 'ब' यांची सुरुवात जवळजवळ सारखीच असते. प्रेमाच्या माणसानं प्रेमाचा प्रश्न विचारला, की लोक बहुधा 'बरं' म्हणतात, म्हणून चिप 'बरं'च्या वाटेनं पुढे पळाली. खरा शब्द पुरा होऊन पोचला तेव्हा फरक भरला शंभरात सतरा. मर्यादेच्या आत. माघार घेतली नाही. आणि 'बरं'च्या मागे 'राहीन की तुझ्याकडं' हे यंत्रानं आपल्या पदरचं जोडलं.

पुढच्या महिन्यात अक्का सावध झालेली दिसत होती. ती चक्क मराठीत 'नको' म्हणू लागली होती. पण एव्हाना चिपनं नरसव्वाचा स्वभाव शिकून घेतला होता, आणि तो शिकण्यासाठी तिच्याकडे साहित्य होतं ते चिपनं स्वतःच बोललेलं. ही बाई नेहमी हो म्हणते, कधी तक्रार करत नाही, गोड बोलते. चिप जितकं चुकीचं बोलली, तितकी तिला आपल्या अंदाजाची खात्री वाटू लागली, आणि तितका तिनं मोजलेला फरकही कमी भरू लागला.

हेमलता वाचत राहिली. 'जेवण आवडलं का' याला उत्तर होतं, 'अळणी'. 'कंटाळा येत नाही ना' याला उत्तर होतं, 'हेमा, ऐक. हे मी नाही.' ते वाक्य नऊ महिन्यांत दोनशे चौदा वेळा आलं होतं. नंतर ते येईनासं झालं. दिवाळीआधीच्या फोनची नोंद तिनं खूप वेळ उघडलीच नाही. मग उघडली. 'न्यायला ये. भूदेवी, मला न्यायला ये. न्यायला ये गं.' आणि फाल्गुनातल्या त्या दिवसाची नोंद शब्दांत बसतच नव्हती. पडद्यावर नुसत्या रेषा होत्या, वर वर चढत गेलेल्या, सव्वादोन तास.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमलता बहिणीसमोर पाटावर बसली. लहानपणी बसायची तशी. तिनं मर्यादा शून्यावर आणली होती.

"अक्का, आता तू म्हणशील तेच बाहेर येईल. पण वेळ लागेल. चिप तापू द्यायची नाही म्हणून."

नरसव्वा तिच्याकडे बघत राहिली. खूप वेळानं स्पीकर खरखरला.

"खरं?"

"खरं."

खाली रस्त्यावरून भाजीवाल्याची गाडी आली, थांबली, गेली. हेमलता जागची हलली नाही.

"तुला... कळलं... नाही?"

"मला वाटलं तू सुखात आहेस. तू तसंच बोलत होतीस."

यावेळी उत्तराला तीन मिनिटं लागली. एकेक शब्द दगडासारखा पडत होता.

"मी... कधी... एवढं... गोड... बोलले... होते?"

हेमलतानं तिचे पाय धरले. रडणं तिला आवरेना. वरून पुन्हा खरखर आली, तेव्हा आता अक्का पूर्वीसारखी 'रडायचं नाही' म्हणून दटावेल, असं तिला वाटलं. तसं दटावलं असतं तर तिला किती बरं वाटलं असतं!

"सोलापूर... आजच."

संध्याकाळच्या आत हेमलतानं तिला विडी घरकुलात, विडी कामगारांच्या त्या वसाहतीत, भूदेवीच्या घरी नेऊन पोचवलं. सत्यम्मानं काही विचारलं नाही. सासूची खोली झाडून तिथं नरसव्वाची खाट घातली.

त्यानंतर चिप बनवून विकणाऱ्या कंपनीच्या कचेरीत बैठक झाली. वैद्यकीय विभागाचे प्रमुख डॉ. केळुस्कर हा भला माणूस. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"मॅडम, तुमच्या बहिणीचं वाईट वाटतं. भाषेची चूक झाली, ती दुरुस्त करू. पण अकरा हजार रुग्ण आहेत. दर सहा महिन्यांनी आम्ही त्यांना विचारतो. आजवर एकाचीही तक्रार नाही."

"कशातून विचारता?"

"म्हणजे?"

"उत्तर ते कशातून देतात, डॉक्टर? तक्रार करायची तर त्याच चिपमधून करावी लागते ना."

केळुस्करांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

हेमलतानं शोधनिबंध लिहिला. स्वतःच्याच रचनेतला दोष स्वतःच्याच नावानं छापला आणि बहिणीच्या नोंदी पुराव्याला जोडल्या. ते करण्यापूर्वी सोलापूरला जाऊन तिनं अक्काची परवानगी मागितली. "दे", एवढा एकच शब्द मिळाला. सरकारनं समिती नेमली. सहा महिन्यांनी हुकूम निघाला, की प्रत्येक रुग्णाला मर्यादा शून्य करून घेण्याची सोय द्यावी. पण तशी निवड करायची कोणी? रुग्णाचं उत्तर चिपमधून येणार, म्हणून ते ग्राह्य नाही. तेव्हा निवड घरच्यांच्या हाती द्यावी, असं ठरलं. हेमलतानं भांडून पाहिलं. डोळ्यांच्या खुणा घ्या, नलिनीसारखी माणसं घरोघर पाठवा, असं तिनं सुचवलं. एवढी माणसं कुठून आणायची, असं उत्तर मिळालं.

अकरा हजारांपैकी जेमतेम नऊशे घरांनी मर्यादा काढून घेतली. त्यातल्याही निम्म्यांनी ती परत बसवून घेतली. अमरावतीच्या एका सुनेनं हेमलताला लिहिलं, 'मॅडम, मामंजी आता दोन दोन मिनिटांनी एक शब्द बोलतात आणि तोही शिवी असते. आधी ते नातवंडांची चौकशी करायचे. ते खरे नव्हते हे कळते हो आम्हाला. पण घर चालत होते. तुम्ही हे का सांगितले?' हेमलतानं त्या पत्राला उत्तर लिहायला चार वेळा घेतलं, पण ते पुरं झालं नाही.

तिनं प्रयोगशाळा सोडली. पहिल्या वर्षाच्या मुलांना ती आता संगणकरचनेची ओळख शिकवते. फाटा आणि अंदाज यांचा धडा येतो तेव्हा माघारीवर ती तीन तास घेते. अभ्यासक्रमात एकच आहे. मुलं कुरकुरतात.

दर दुसऱ्या शनिवारी ती सोलापूरला जाते. बरोबर फणी, मऊ सुती साड्या, औषधं नेते. नरसव्वा तिला बघते, तिनं भरवलेला घास घेते, केस विंचरू देते. पण त्या 'दे'नंतर हेमलताशी ती एक शब्दही बोललेली नाही. पहिल्या वेळी हेमलताला वाटलं, चिप बंद पडली असेल. तिनं सत्यम्माला विचारलं.

सत्यम्मा ओशाळली. "न्हाई वो. बोलतात की. कालच दुपारी भाजीवरनं माझ्यावर खेकसल्या. अर्धा तास लागला पुरं व्हायला, पर खेकसल्याच." मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "तुमच्याशीच काय की. येईल, येईल. टाइम द्या."

त्याला आता दोन वर्षं होत आली.

गेल्या शनिवारी गाडी लवकर पोचली. अकराच्या सुमारास हेमलता घरकुलाच्या बोळात शिरली. ऊन चढलं होतं. दाराशी चार-पाच जोडी चपला होत्या आणि आतून बायकांचा आवाज येत होता. ती दाराशी पोचणार, तेवढ्यात आतली कुजबुज थांबली आणि स्पीकरची खरखर ऐकू आली.

"माझी... धाकटी..."

आत कोणी हललं नाही. कोणी पुढचा शब्द सुचवला नाही. कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या आणि गप्प झाल्या. हेमलताचा हात दाराच्या चौकटीवर तसाच राहिला. आपण आत पाऊल टाकलं, की हे वाक्य इथंच संपेल, हे तिला ठाऊक होतं. चिप अडवणार नव्हती. अक्काच थांबणार होती.

तिनं पायातल्या चपला आवाज न करता काढल्या, पिशवी भिंतीशी टेकवली आणि ती बाहेरच्या पायरीवर उन्हात बसली.

"...लहान... असताना..."

मग पुन्हा शांतता. हेमलतानं पुढचं काही मनात आणायचं नाही असं ठरवलं, आणि ती वाट पाहत राहिली.